आघातोत्तर भावनिक प्रतिक्रिया
युद्ध, अपघात, आग, भूकंप, अत्याचार यांसारख्या जिवावर बेतणाऱ्या प्रसंगातून गेल्यानंतर व्यक्तीच्या मनात, शरीरात आणि वर्तनात दिसून येणाऱ्या बदलांना आघातोत्तर भावनिक प्रतिक्रिया असे म्हणतात. तीव्र भीती, मन बधिर होणे, झोप न लागणे, दुःस्वप्ने पडणे, घडलेला प्रसंग डोळ्यांपुढे पुनःपुन्हा उभा राहणे, लहानशा आवाजानेही दचकणे, त्या प्रसंगाची आठवण करून देणाऱ्या स्थळांना व वस्तूंना टाळणे, चिडचिड, लज्जा, तसेच इतर दगावले असता आपण वाचलो याबद्दल वाटणारी अपराधी भावना ही त्यांची सर्वसामान्य रूपे होत. बहुसंख्य व्यक्तींमध्ये या प्रतिक्रिया काही दिवसांत वा आठवड्यांत आप्तेष्टांच्या आधाराने ओसरतात. काहींच्या बाबतीत मात्र त्या महिनोन्‌महिने टिकून राहतात व दैनंदिन जीवनात अडथळा आणतात. अशा अवस्थेस ‘आघातोत्तर ताण विकृती’ ही संज्ञा १९८० पासून रूढ झाली आहे.

संज्ञा अलीकडची असली, तरी अनुभव जुना आहे. निरनिराळ्या काळांतील वर्णने ताडून पाहिली असता या प्रतिक्रियांच्या मूळ स्वरूपात बरेच साम्य आढळते. बदलत गेला तो समाजाने त्यांना दिलेला अर्थ. एकाच लक्षणाला कधी दैवी साक्षात्कार, कधी मेरुरज्जूची इजा, कधी भ्याडपणा, कधी भरपाईसाठी केलेले ढोंग, तर कधी आजार मानण्यात आले. त्या त्या अर्थानुसार पीडित व्यक्तीच्या वाट्याला उपचार, उपेक्षा वा शिक्षा आली. म्हणूनच या विषयाचा इतिहास हा वैद्यकाचा इतिहास आहे, तितकाच पीडिताच्या कथनावर विश्वास ठेवण्याचा व न ठेवण्याचाही इतिहास आहे.

प्राचीन व मध्ययुगोत्तर नोंदी : ग्रीक इतिहासकार हीरॉडोटस याने मॅराथॉनच्या लढाईच्या (इ. स. पू. ४९०) वृत्तांतात एपिझीलस नावाच्या अथेन्सच्या योद्ध्याची हकीकत दिली आहे. अंगावर कोणताही वार झालेला नसताना त्याची दृष्टी गेली आणि ती जन्मभर परत आली नाही. एक भव्य, दाढीधारी शत्रुयोद्धा आपल्या बाजूने गेला व त्याने शेजारच्या सैनिकास ठार केले, असे तो सांगत असे. हीरॉडोटसने या घटनेला अद्‌भुत म्हटले आहे. त्याबद्दल त्या योद्ध्याला दोष दिलेला नाही. १६६६ मध्ये लंडन शहराचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला. सॅम्युएल पीप्स हा नाविक खात्यातील अधिकारी या आगीचा साक्षीदार होता. त्यानंतर कित्येक महिने आगीच्या भीतीने आपल्याला रात्री झोप लागत नाही, अशी नोंद त्याने आपल्या रोजनिशीत केली आहे. १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्याने परमुलखात चाकरीस असलेल्या आपल्या देशबांधवांमधील खिन्नता, निद्रानाश व अन्नावरील अरुची यांचे वर्णन करून त्या अवस्थेस ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले. घराची ओढ हा एक आजार आहे, अशी त्याची मांडणी होती.

रेल्वे-अपघात व भरपाईचा प्रश्न : एकोणिसाव्या शतकात रेल्वेचा प्रसार झाला आणि मोठ्या अपघातांतून शारीरिक दृष्ट्या बचावलेल्या प्रवाशांचा एक नवा वर्ग निर्माण झाला. ९ जून १८६५ रोजी इंग्लंडमधील स्टेपलहर्स्ट येथे झालेल्या अपघातात दहा प्रवासी मृत्युमुखी पडले. प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्‌स डिकिन्झ (१८१२–७०) हा त्याच गाडीत होता. त्याला स्वतःला गंभीर दुखापत झाली नाही. त्याने जखमींना पाणी व धीर दिला. तथापि पुढे प्रवासात त्याला एकाएकी भीतीचे झटके येऊ लागले आणि ते त्याच्या मृत्यूपर्यंत पूर्णपणे थांबले नाहीत. त्याचा मृत्यू या अपघातानंतर बरोबर पाच वर्षांनी, त्याच दिनांकास झाला.

अशा रुग्णांविषयी जॉन एरिक एरिक्सन (१८१८–९६) या लंडनमधील शल्यचिकित्सकाने १८६६ मध्ये व्याख्याने प्रसिद्ध केली. हादऱ्यामुळे मेरुरज्जूला सूक्ष्म इजा होते व तीमुळे निद्रानाश, विस्मृती, अंगदुखी व भीती उद्‌भवते, असे त्याचे मत होते. ‘रेल्वे स्पाइन’ म्हणजे रेल्वेजन्य पाठदोष हा शब्दप्रयोग यातूनच प्रचारात आला. अपघातग्रस्तांना रेल्वे कंपन्यांकडून भरपाई मिळण्याची तरतूद असल्यामुळे हे मत न्यायालयात महत्त्वाचे ठरले. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज याने त्याला विरोध केला. बहुतेक रुग्णांत मेरुरज्जूची इजा नसून भीतीमुळेच ही लक्षणे उद्‌भवतात, असे त्याने प्रतिपादिले. पेज हा स्वतः एका रेल्वे कंपनीचा शल्यचिकित्सक होता. त्याचा सिद्धांत वैद्यकीय दृष्ट्या पुढचे पाऊल होता. परंतु ‘इजा शरीराला नाही’ या विधानाचा ‘इजाच नाही’ असा सोयीस्कर अर्थ लावण्याची वाटही त्यामुळे मोकळी झाली. पुढील शतकभर हा पेच वेगवेगळ्या रूपांत पुनःपुन्हा उभा राहिला.

याच सुमारास अमेरिकन यादवी युद्धातील (१८६१–६५) तीनशेहून अधिक सैनिकांचे निरीक्षण करून जेकब मेंडिस दा कोस्टा (१८३३–१९००) याने १८७१ मध्ये ‘क्षोभक हृदय’ या विकाराचे वर्णन केले. छातीत धडधड, धाप आणि थकवा ही त्याची लक्षणे होती. मात्र हृदयात कोणताही प्रत्यक्ष दोष आढळत नसे. बर्लिनमध्ये हेर्मान ओपेनहाइम (१८५८–१९१९) याने १८८९ मध्ये ‘आघातजन्य मज्जाविकृती’ ही संज्ञा मांडली. पॅरिसमधील साल्पेत्रिएर रुग्णालयात झां मार्तें शार्को (१८२५–९३) याने अपघातानंतर पुरुषांतही उन्मादाची लक्षणे दिसतात, हे दाखवून दिले. त्याचा सहकारी प्येअर झाने (१८५९–१९४७) याच्या मते असह्य प्रसंगाची स्मृती मनाच्या उर्वरित भागापासून विलग होते आणि व्यक्तीच्या नकळत तिच्या वर्तनावर परिणाम करीत राहते. आजच्या विवेचनातही या कल्पनेला स्थान आहे.

पहिले महायुद्ध व ‘शेल शॉक’ : या विषयाकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले गेले, ते पहिल्या महायुद्धात (१९१४–१८). खंदकांत दिवसेंदिवस तोफांच्या भडिमाराखाली बसून राहिलेल्या सैनिकांमध्ये अंगाला कंप सुटणे, वाचा जाणे, अंधत्व, पक्षाघात व स्मृतिलोप यांचे प्रमाण मोठे होते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्‌स सॅम्युएल मायर्झ (१८७३–१९४६) याने फेब्रुवारी १९१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अशा तीन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि ‘शेल शॉक’ म्हणजे तोफगोळ्याचा धक्का ही संज्ञा वापरली. स्फोटाच्या हादऱ्याने मेंदूला सूक्ष्म इजा होत असावी, असा प्रारंभी समज होता. परंतु स्फोटाच्या जवळपासही नसलेल्या सैनिकांत तीच लक्षणे आढळू लागली, तेव्हा ही संज्ञा अपुरी असल्याचे खुद्द मायर्झच्याही लक्षात आले.

ब्रिटिश सैन्याने या रुग्णांचे दोन वर्ग पाडले. शत्रूच्या स्फोटाशी ज्याच्या लक्षणांचा थेट संबंध जोडता येई, त्याला ‘जखमी’ समजण्यात येई. त्यास गणवेशावर जखमेची पट्टी लावता येई व निवृत्तिवेतनावर हक्क सांगता येई. ज्याच्या बाबतीत असा संबंध जोडता येत नसे, त्याची गणना केवळ ‘आजारी’ म्हणून होई व त्याला यांपैकी काहीही मिळत नसे. १९१७ मध्ये आघाडीवरील वैद्यांना ‘शेल शॉक’ हा शब्द वापरण्यास मनाई करण्यात येऊन त्याऐवजी ‘निदान न झालेला मज्जाविकार’ अशा अर्थाची नोंद करण्याचे आदेश देण्यात आले. युद्धकाळात ब्रिटिश सैन्यात या प्रकारच्या रुग्णांची संख्या सु. ८०,००० होती, असे मानले जाते.

उपचारांच्या पद्धतीही परस्परविरोधी होत्या. लंडनमधील क्वीन स्क्वेअर रुग्णालयात लुईस येलंड हा वाचा गेलेल्या सैनिकांवर विजेच्या तीव्र झटक्यांचा प्रयोग करी व रुग्ण बोलू लागेपर्यंत तो थांबवीत नसे. याउलट एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट येथील अधिकाऱ्यांच्या रुग्णालयात विल्यम हॅल्स रिव्हर्झ (१८६४–१९२२) याने संभाषणाचा मार्ग अवलंबिला. रिव्हर्झ हा मानवशास्त्रज्ञही होता. निलगिरी पर्वतातील तोडा जमातीचा त्याने प्रत्यक्ष राहून अभ्यास केला होता व त्यावरील त्याचा ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. युद्धातील भीषण अनुभव विसरून जा, असा सल्ला त्या काळी सैनिकांना सर्रास दिला जाई. अशा दमनामुळेच दुःस्वप्ने व चिंता बळावतात आणि त्या अनुभवाकडे सावकाश, सोसेल तेवढे पाहिल्याने आराम पडतो, असे रिव्हर्झचे मत होते. सिग्‌फ्रीड ससून (१८८६–१९६७) व विल्फ्रेड ओएन (१८९३–१९१८) हे कवी १९१७ मध्ये याच रुग्णालयात होते. दोघेही पुढे रणांगणावर परतले. ओएन युद्धसमाप्तीच्या आठवडाभर आधी मारला गेला. रुग्णाला बरे करून पुन्हा त्याच धोक्यात पाठविणे, हा लष्करी मानसचिकित्सेतील नैतिक पेच यातून स्पष्ट होतो.

भीतीला भ्याडपणा समजण्याचे परिणाम सर्वांत तीव्रपणे लष्करी न्यायालयांत दिसून आले. पळून जाणे, भ्याडपणा, पहाऱ्यावर झोपणे यांसारख्या अपराधांसाठी ब्रिटिश व राष्ट्रकुलातील सैनिकांना गोळी घालून देहान्त शासन देण्यात आले. त्यांपैकी काही जणांवर आधी शेल शॉकसाठी उपचार झाले होते. १९१५ मध्ये सु. पाच महिने रुग्णालयात राहिलेल्या एका सैनिकाने पुढील वर्षी आघाडीवर जाण्यास असमर्थता दर्शविली. ऑक्टोबर १९१६ मध्ये त्याला गोळी घालण्यात आली. अशा सैनिकांच्या कुटुंबीयांना दुःखाबरोबरच कलंकही सोसावा लागला. नव्वद वर्षांनंतर, २००६ मध्ये ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्यान्वये असे ३०६ सैनिक मरणोत्तर क्षमेस पात्र ठरले.

भारतीय सैनिक : १९१४ च्या शरद ऋतूत भारतीय पलटणी फ्रान्समध्ये दाखल झाल्या. युद्धकाळात सु. १,३८,००० भारतीय सैनिक तेथे पाठविण्यात आले. अपरिचित हवामान, अपुरे कपडे व अखंड तोफमारा यांना त्यांना तोंड द्यावे लागले. त्यांच्यातील अनेकांच्या, विशेषतः डाव्या हाताला जखमा झालेल्या आढळल्यामुळे ते स्वतःच्या हाताने जखमा करून घेतात, असा संशय अधिकाऱ्यांना आला. इंग्लंडमधील ब्रायटन येथे भारतीय जखमींसाठी रुग्णालये उघडण्यात आली होती. तेथील किचनेर रुग्णालयाचा प्रमुख ब्रूस सीटन याने १९१५ मध्ये एक हजार जखमांची तपासणी करून या संशयाला पुष्टी मिळत नाही, असा निष्कर्ष काढला. ब्रिटिश सैनिकांच्या मनोवस्थेविषयी जितका वैद्यकीय ऊहापोह झाला, तितका भारतीयांच्या बाबतीत झाला नाही. त्यांच्या मनाचा ठाव लागतो, तो मुख्यतः पत्रांच्या अभ्यवेक्षणासाठी (सेन्सॉरसाठी) नेमलेल्या कार्यालयाने जपून ठेवलेल्या भाषांतरांतून. पत्रांत कवने लिहिण्याचे वाढते प्रमाण हे मानसिक अस्वस्थतेचे चिन्ह असल्याचे मत या कार्यालयाच्या प्रमुखाने १९१५ च्या आरंभी नोंदविले होते. खरा मजकूर अधिकाऱ्यांपासून लपविण्यासाठी सैनिक सांकेतिक शब्दही वापरीत, उदा., भारतीय सैनिकांसाठी काळी मिरी व गोऱ्या सैनिकांसाठी लाल मिरची.

मेसोपोटेमियातील कूत-अल्-अमाराच्या वेढ्यात (डिसेंबर १९१५–एप्रिल १९१६) १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी सु. १३,००० ब्रिटिश व भारतीय सैनिकांनी शरणागती पत्करली. पुढील पायपिटीत आणि कैदेत त्यांच्यापैकी हजारो जण दगावले. परतलेल्यांच्या शौर्याची व हालअपेष्टांची नोंद पलटणींच्या इतिहासांत आढळते. त्यांच्या मनावर झालेल्या परिणामांना त्या नोंदींत फारसे स्थान मिळालेले नाही.

दोन महायुद्धांमधील काळ व दुसरे महायुद्ध : लॉर्ड साउथबरो याच्या अध्यक्षतेखालील ब्रिटिश समितीने १९२२ मध्ये आपला अहवाल सादर केला. शेल शॉक ही संज्ञा वगळावी, अशी शिफारस समितीने केली. मात्र कोणत्याही धीट माणसाची सहनशक्ती केव्हा ना केव्हा संपते, हा अनुभव अनेक साक्षीदारांनी समितीपुढे मांडला. जर्मनीत १८८९ पासून आघातजन्य मज्जाविकृतीसाठी भरपाई मिळू शकत असे. १९२६ मध्ये तेथील विमाविषयक सर्वोच्च कार्यालयाने हे धोरण रद्द केले. भरपाईच्या आशेनेच आजार लांबतो, असे त्यामागील तर्कशास्त्र होते. अमेरिकेत एब्राम कार्डिनर (१८९१–१९८१) याने पहिल्या महायुद्धातील माजी सैनिकांच्या उपचारांच्या आधारे १९४१ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. आघातानंतर शरीर व मन दोन्ही सतत सावध अवस्थेत राहतात, हे त्याचे निरीक्षण पुढे मान्यता पावले.

असे असूनही दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) जुन्या चुकांची पुनरावृत्ती झाली. ब्रिटिश हवाई दलात उड्डाणास असमर्थ ठरलेल्या वैमानिकांच्या कागदपत्रांवर ‘नैतिक बळाचा अभाव’ असा शेरा मारला जाई. ऑगस्ट १९४३ मध्ये सिसिलीतील इस्पितळांत अमेरिकन सेनापती जॉर्ज पॅटन याने मानसिक दृष्ट्या खचलेल्या दोन सैनिकांना थपडा मारल्या. याबद्दल आयझनहौअरने त्याची कडक कानउघाडणी केली. पहिल्या युद्धात असे वर्तन क्वचितच दोषास्पद ठरले असते. बॉस्टन येथील कोकोनट ग्रोव्ह या रंजनगृहाला २८ नोव्हेंबर १९४२ रोजी आग लागून ४९२ जण मृत्युमुखी पडले. त्यांचे आप्त व बचावलेले लोक यांच्या अभ्यासावरून एरिक लिंडमान (१९००–७४) याने १९४४ मध्ये तीव्र शोकाचे स्वरूप विशद केले. गळा दाटणे, रितेपण, मृताच्या आठवणीत गुरफटणे, अपराधी भावना व राग ही शोकाची स्वाभाविक लक्षणे होत आणि त्यांना वाट मिळाली नाही तर ती दीर्घकाळ रेंगाळतात, असे त्याने दाखविले. सैनिकांपुरता मर्यादित असलेला हा विचार यामुळे सामान्य नागरिकांपर्यंत पोहोचला.

मान्यता : अमेरिकन मनोविकारविज्ञान संघटनेच्या १९५२ मधील वर्गीकरणात ‘स्थूल ताण-प्रतिक्रिया’ ही नोंद होती, १९६८ च्या आवृत्तीत ती वगळण्यात आली. त्यामुळे व्हिएटनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या आजाराला अधिकृत नावच उरले नाही. १९७० पासून या सैनिकांनी न्यूयॉर्कमध्ये आपसांत अनुभवकथनाच्या बैठका सुरू केल्या. रॉबर्ट लिफ्टन व खाइम शाटन हे मनोविकारतज्ज्ञ त्यांत सहभागी झाले. १९७४ मध्ये अ‍ॅन बर्जेस व लिंडा होमस्ट्रॉम यांनी बॉस्टनमधील बलात्कारपीडित स्त्रियांच्या प्रतिक्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले. सैनिकांच्या प्रतिक्रियांशी असलेले त्यांचे साम्य लक्षणीय होते. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या अभ्यासांचीही त्यांत भर पडली. या सर्वांच्या परिणामी १९८० च्या वर्गीकरणात ‘आघातोत्तर ताण विकृती’ ही नोंद समाविष्ट झाली. आजाराचे मूळ व्यक्तीच्या स्वभावदोषात नसून तिच्यावर कोसळलेल्या घटनेत आहे, हे तीत गृहीत धरले होते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही ही संज्ञा स्वीकारली. २०२२ मध्ये अंमलात आलेल्या तिच्या अकराव्या वर्गीकरणात दीर्घकालीन छळातून उद्‌भवणाऱ्या जटिल विकृतीची स्वतंत्र नोंद आहे.

भारतातील अनुभव : १९४७ च्या फाळणीत लाखो कुटुंबे उद्‌ध्वस्त झाली, परंतु या लोकांच्या मानसिक यातनांचा वैद्यकीय अभ्यास जवळजवळ झालाच नाही. त्या व्यक्त झाल्या, त्या कथा-कादंबऱ्यांतून व बऱ्याच काळानंतर गोळा केलेल्या मौखिक साक्षींतून. डिसेंबर १९८४ मधील भोपाळ वायुदुर्घटनेनंतर मात्र पीडितांच्या मानसिक आरोग्याचे सर्वेक्षण करण्यात आले आणि बंगलोर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिका विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी स्थानिक वैद्यकीय अधिकाऱ्यांना या विषयाचे प्रशिक्षण दिले.

महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी व आसपासच्या गावांतील सु. ८,००० लोक मृत्युमुखी पडले. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते आणि लोक गाढ झोपेत होते. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदे कोसळून बहुतेक मृत्यू घडले. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या आसरा दिला तेच घर मृत्यूचे कारण ठरल्यामुळे दगडी बांधकामाविषयी लोकांच्या मनात धास्ती बसली व पुनर्वसनात सिमेंट-काँक्रीटच्या घरांची मागणी जोराने पुढे आली. बाहेरून केवळ बांधकामाची वाटणारी ही मागणी वस्तुतः आघातोत्तर भीतीचीही द्योतक होती. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये आपद्‌ग्रस्तांच्या मानसिक व सामाजिक आधाराविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. अन्न, निवारा व औषधे यांच्या जोडीने मनाला आधार देणे हाही मदतकार्याचा भाग होय, ही भूमिका त्यांत मान्य केलेली आहे.

सद्यःस्थिती : दुर्घटनेनंतर लगेच प्रत्येकाला आपला अनुभव तपशीलवार सांगायला लावण्याची पद्धत १९८० नंतर लोकप्रिय झाली होती. तथापि एकाच बैठकीत केलेल्या अशा सक्तीच्या कथनाने पुढील विकृती टळत नाही, असे नंतरच्या तुलनात्मक अभ्यासांत दिसून आले. त्यामुळे सुरक्षितता, दैनंदिन गरजांची पूर्तता, आप्तांशी संपर्क आणि व्यक्तीला बोलावेसे वाटेल तेव्हा तिचे शांतपणे ऐकून घेणे यांवर भर देणारा ‘मानसिक प्रथमोपचार’ आता पुरस्कारिला जातो. लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकून राहिल्यास किंवा आत्महत्येचे विचार येऊ लागल्यास तज्ज्ञाचे साहाय्य आवश्यक ठरते. आघातस्मृतीवर केंद्रित अशा मानसचिकित्सेचे अनेक प्रकार परिणामकारक ठरले आहेत. रिव्हर्झने १९१७ मध्ये सुचविलेल्या मार्गाशी त्यांचे नाते स्पष्ट आहे.

विद्यमान विवेचनातही काही वाद आहेत. एका वर्गीकरणाच्या चौकटीत सर्व संस्कृतींतील दुःख बसविता येते काय, तसेच दैनंदिन जीवनातील प्रत्येक क्लेशाला ‘आघात’ म्हटल्याने मूळ संज्ञेचा अर्थ पातळ होतो काय, असे प्रश्न अभ्यासकांनी उपस्थित केले आहेत. असे असले तरी तीव्र भीती, दुःस्वप्ने वा बधिरता म्हणजे दुबळेपणा नव्हे, तर असामान्य प्रसंगाला सामान्य मनाने दिलेले ते उत्तर होय, याविषयी आता सर्वसाधारण एकवाक्यता आहे. ती प्रस्थापित होण्यास रेल्वे-अपघातांच्या खटल्यांपासून शंभराहून अधिक वर्षे लागली.